खरं बोलायचा शनिवार

“मगदूम मॅडम, उद्या साडी नका नेसू.”

प्राचार्य थोरवत सर फायलीतून डोकं वर न काढता म्हणाले. मी चकितच झाले. हिंगणमळ्याच्या त्या कॉलेजात शिक्षिकांनी साडीच नेसायची, हा दंडक याच गृहस्थांनी घातला होता. जुलैत मी एकदा पंजाबी ड्रेस घालून आले, तर शिपायाकरवी निरोप आला होता, ‘मुली कोण आणि मॅडम कोण, ते लांबून कळलं पाहिजे.’

“मग काय घालू, सर?”

“ड्रेस. मुली घालतात तसला. आणि केसांची वेणी घाला.”

बाजूच्या खुर्चीत वाणिज्य विभागाचे प्रमुख जामदार सर बसले होते. चांगला माणूस, पण त्या वेळी ते स्वतःच्या चपलांकडे बघत होते. मी उभी होते. प्राचार्यांच्या केबिनमध्ये तासिका तत्त्वावरच्या माणसानं बसायचं नाही असं कुठं लिहिलेलं नव्हतं, पण आजवर कुणी बसलंही नव्हतं. आमची जातच वेगळी. दर जूनला नवी ऑर्डर, मे महिन्यात आम्ही कुणाचेच नाही. स्टाफरूममध्येसुद्धा खुर्च्या कायम लोकांच्या आणि आम्हांला पाण्याच्या पिंपाशेजारचं बाकडं.

थोरवत सरांनी मग सगळं उलगडून सांगितलं. उद्या तपासणी समिती येणार होती. समितीसमोर ‘संघटनात्मक वर्तन’ या विषयाला पूर्णवेळ प्राध्यापक आहे असं दाखवायला हवं होतं. कागदोपत्री तो जामदार सर शिकवत होते. प्रत्यक्षात वर्षभर मी शिकवत होते, आणि जामदार सरांनी त्या वर्गाचा उंबरठासुद्धा ओलांडला नव्हता. ते हिशेबशास्त्रातले. जमा-नावे सोडून माणसांविषयी त्यांना कधी बोलताना मी ऐकलं नव्हतं.

“उद्याचा तास जामदार घेतील,” प्राचार्य म्हणाले.

“मग मी घरीच थांबते ना, सर. ड्रेस कशाला?”

यावर जामदार सर पहिल्यांदा बोलले. “मॅडम, मीच म्हटलं सरांना. तुम्ही वर्गात असा. शेवटच्या बाकावर बसा. मी अडखळलो तर निदान तुमच्या तोंडाकडे बघून मला धीर येईल.”

“आणि बाकंही जरा भरलेली दिसतील,” प्राचार्यांनी जोड दिली. “तुमची चण लहान आहे. खपून जाल.” मग त्यांनी चष्मा काढला. माणूस मुद्द्यावर आला की चष्मा काढायचा, हे आम्हां सगळ्यांना पाठ होतं. “हे बघा, समिती खूश झाली की विषयाला कायम जागा मिळते. जाहिरात निघेल. आणि ती जागा दुसऱ्या कुणाला देण्याइतका मी कृतघ्न नाही. आता राहिली मुलं. त्यांना तुम्हीच सांगून ठेवा. तुमचं ऐकतात ती.”

गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. मला अक्कल होती, म्हणून तर जास्त वाईट वाटत होतं. घरी आई रोज संध्याकाळी एकच विचारायची, “काय म्हणतायत गं, कायम करतायत का?” मी मान हलवली आणि “चालेल सर” म्हणाले.

माझ्या वर्गाविषयी सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. पहिल्या वर्षाचा हा विषय म्हणजे माणसं कामाच्या जागी कशी वागतात आणि त्यांना कसं वागवावं. कारखाना, बँक, दूधसंघ, काही का असेना, तिथला साहेब कसा असावा, हाताखालची माणसं कशानं मन लावून काम करतात, कशानं गप्प होतात. मी पंचविशीची, नवीन, आणि या विषयावर माझा देवावर असावा तसा विश्वास.

पहिल्याच तासाला मी विचारलं होतं, की तुमच्या ओळखीत कामावर कुणावर अन्याय झालाय का. तौफिक मुजावर उठला. हा मुलगा सकाळी चुलत्याच्या बेकरीत काम करून यायचा आणि अंगाला बनपावाचा वास घेऊनच वर्गात शिरायचा. म्हणाला, “भट्टीवरचा मिस्त्री चुकला तर मार पोरांना बसतोय, मॅडम. मिस्त्रीला कोण बोलणार?”

“मग तुम्ही मालकाला सांगत नाही?”

तौफिकच्या आधी पहिल्या बाकावरून उत्तर आलं. “सांगून काय उपयोग मॅडम? सगळीकडं असंच असतंय.”

ती गौतमी ऐवळे. उंच, काटक, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारी. तिची आई सूतगिरणीत होती, त्यामुळे ‘सगळीकडं’ म्हणजे काय हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. पण मी तेव्हा पेटलेच होते. मी खडू घेऊन ते वाक्य फळ्यावर लिहिलं, ‘सगळीकडं असंच असतंय’, आणि त्यावर मोठी फुली मारली.

“हे वाक्य या वर्गात चालणार नाही,” मी म्हणाले. “सगळीकडे असं नसावं, म्हणून तर हा विषय आहे.”

नुसतं म्हणून थांबले नाही. शनिवारचा तास संपायच्या आधी थोडा वेळ मी पुस्तक मिटायची, खुर्ची खाली उतरवून मुलांच्या रांगेत ठेवायची आणि म्हणायची, “आता बोला.” या वेळात कुणीही वर्गाबद्दल, माझ्याबद्दल खरं ते बोलायचं आणि त्यावरून कुणाला शिक्षा नाही, डूख नाही, काही नाही. सुरुवातीला कुणी तोंड उघडेना. “सगळं बेस हाय मॅडम,” एवढंच. दिवाळीपर्यंत मात्र पोरं अशी सुटली की पुसू नका. मॅडम, तुम्ही उजवीकडच्याच बाकांकडे बघून शिकवता. मॅडम, मुलींनी उशीर केला तर चालतो, आम्हांला तेवढं बाहेर काढता. मॅडम, तुम्हांला एखादी गोष्ट येत नसली की तुम्ही जरा इंग्रजी जास्त बोलता. हे शेवटचं गौतमीचं. मला ते लागलं, पण खरं होतं, आणि पुढच्या सोमवारी मी वर्गात कबूल केलं, की हे मला येत नाही, वाचून येते. त्या दिवसापासून ‘सगळीकडं असंच असतंय’ हे वाक्य गौतमीच्या तोंडून मी पुन्हा ऐकलं नाही. मला त्याचा केवढा अभिमान होता.

आणि आता त्याच वर्गापुढे उभी राहून मी सांगत होते, “उद्या समिती येईल. तास जामदार सर घेतील. कुणी विचारलं, तर वर्षभर सरांनीच शिकवलं असं सांगायचं. मी मागं बसलेली असेन. मला मॅडम म्हणायचं नाही.”

तौफिकनं आधी माझ्याकडे बघितलं, मग गौतमीकडे.

गौतमी उठली. “म्हंजे खोटं बोलायचं?”

“फक्त उद्या.”

“तुमच्या ऑर्डरसाठी?”

कॉलेजसाठी, असं म्हणायचं मी ठरवून आले होते. मी खडूचा तुकडा टेबलावर इकडून तिकडे सरकवत राहिले. गौतमीनं क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि एखाद्या थोरल्या बहिणीनं म्हणावं तसं म्हणाली, “बरं. होतंय की. तुम्ही काळजी करू नका.”

दुसऱ्या दिवशी धाकट्या बहिणीचा पोपटी ड्रेस घालून, दोन वेण्या पुढं घेऊन मी वर्गात शिरले. आरशात मला स्वतःचं हसू आलं होतं. वर्गात मात्र कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मी दारात दिसताच सवयीनं अर्धा वर्ग उठायला लागला. गौतमीनं तौफिकचा शर्ट खाली ओढला, तसे सगळे एकेक करत बसले. गौतमी त्या दिवशी पहिला बाक सोडून शेवटच्या बाकावर आली होती. “सरक गं,” ती शेजारच्या मुलीला म्हणाली आणि माझ्यासाठी तिनं स्वतःच्या ओढणीनं बाक पुसला. मॅडम बसणार म्हणून पुसला, आणि मॅडम म्हणायचं नाही म्हणून काही बोलली नाही.

थोड्या वेळानं प्राचार्यांच्या मागोमाग समितीतल्या एक बाई आल्या. पांढरे केस, साधी सुती साडी, चेहरा असा मायाळू की खोटं बोलणाऱ्याला जास्तच जड जावं. प्राचार्यांनी त्यांना बसवलं आणि ते बाकीच्यांना घेऊन पुढे गेले.

जामदार सर शिकवायला लागले. विषय मीच काढून दिला होता, नेतृत्वाचे प्रकार. हुकूमशाही नेता, लोकशाही नेता, आणि तिसरा नुसताच बसून राहणारा. सर माझं टिपण जवळजवळ वाचूनच दाखवत होते. त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. “लोकशाही नेता हा... हा नेता लोकशाही पद्धतीनं...” इथं त्यांचं घोडं अडलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी डोळे मोठे केले, ओठांनी ‘विचारतो’ असं सुचवलं. त्यांना कळलं नाही. त्यांनी पुन्हा बघितलं. परीक्षेत पोरं हुशार पोराकडे बघतात ना, अगदी तसं.

समितीच्या बाईंच्या हे ध्यानात आलं, पण त्यांनी अर्थ भलताच लावला. त्या वळल्या आणि माझ्याकडे बघून हसल्या.

“सर मघापासून तुझ्याकडं बघतायत. तुला येत असणार. सांग बरं बाळ, लोकशाही नेता कुणाला म्हणायचं? पुस्तकातलं नको, तुझ्या शब्दांत.”

मी उभी राहिले. जो प्रश्न मी शंभरदा विचारला असेल तो मला विचारला होता. उत्तर कंठात तयार होतं. पण ते उत्तर बाहेर आलं असतं ते मॅडमच्या आवाजात, मॅडमच्या हातवाऱ्यांसकट. दोन वाक्यांत बाईंना कळलं असतं, की ही विद्यार्थिनी नाही. जामदार सर पांढरेफटक पडले होते.

“येत नाही, मॅडम,” मी म्हणाले.

माझ्याच वर्गात, माझ्याच मुलांच्या देखत. कानांच्या पाळ्या गरम झाल्या होत्या, वेण्यांच्या रिबिनी गळ्याला टोचत होत्या, आणि मला वाटलं, की आता हा बाक मला पोटात घेईल तर बरं.

“अगं, असं कसं?” बाई समजुतीनं म्हणाल्या. “एवढ्या तळमळीनं शिकवणारी माणसं मिळत नाहीत. तुझे सर बघ, घामाघूम झालेत शिकवताना. लक्ष देत जा.”

“हो, मॅडम.”

माझ्या मनगटाला कुणाचा तरी हात लागला. “बस गं, रोहिणी,” असं चक्क माझं नाव घेऊन म्हणत गौतमीनं मला खाली ओढलं आणि ती स्वतः उठली. “मॅडम, तिला येतंय. जरा बुजरी हाय ती. मी सांगते.”

आणि तिनं सांगितलं. काय सांगितलं! मी वर्षभर जे शिकवलं ते मला त्या दिवशी पहिल्यांदा समोरून ऐकायला मिळालं. “लोकशाही नेता म्हंजे ज्याच्यापुढं माणूस खरं बोलायला भीत नाही. माणसं सगळीकडं खरं बोलत नाहीत, मॅडम. जिथं बोलल्यावर मार बसत नाही, तिथंच बोलत्यात.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. “हे पुस्तकात आहे?”

“न्हाई मॅडम. आमच्या वर्गात हाय.” गौतमीचा आवाज जरासुद्धा हलला नाही. “दर शनिवारी तास संपायच्या आधी सर खुर्ची खाली घेत्यात आणि आमच्यात बसत्यात. म्हणत्यात, आता बोला. मग आम्ही सरांबद्दल, वर्गाबद्दल काय वाटतंय ते खरं सांगतो. सर कुणावर डूख धरत नाहीत. एकदा तर मी सरांना तोंडावर म्हटलं, की तुम्हांला येत नसलं की तुम्ही इंग्रजी जास्त बोलता. सरांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या आठवड्यात वर्गापुढं कबूल केलं.”

“खरंच?” बाईंनी वर्गाला विचारलं.

“होय मॅडम,” सगळा वर्ग एका सुरात म्हणाला. तौफिकनं वर आणि भर घातली, “सरांचा स्वभावच तसला हाय.”

बाईंचे डोळे पाणावले होते, खोटं नाही सांगत. त्या उठून जामदार सरांपाशी गेल्या. “सर, एवढी कॉलेजं पाहिली, पण असं कुठं पाहिलं नाही. मुलांना खरं बोलायला शिकवलंत तुम्ही.” जामदार सरांनी हात जोडले. त्यांना मान वर करवेना. बाईंना वाटलं, विनय.

समिती गेल्यावर मी स्टाफरूममध्ये आले ती सवयीनं पिंपाशेजारच्या बाकड्याकडे वळले. जामदार सर आपल्या खुर्चीतून उठले. “मॅडम, इथं बसा.” ते खुर्ची धरून उभे होते आणि माझ्याकडे बघत नव्हते. मी त्या पोपटी ड्रेसमध्ये त्या खुर्चीत कशी बसणार होते? मी म्हणाले, “असू दे, सर.” तेही मग परत बसले नाहीत. खुर्ची तशीच रिकामी राहिली आणि आम्ही दोघं दोन बाजूंना उभे.

कॉलेजला उत्तम शेरा मिळाला. समितीनं निघतानाच दिलेल्या अहवालात ‘विद्यार्थ्यांना मोकळेपणाने मत मांडण्याची संधी’ याचा खास उल्लेख आला, असं थोरवत सरांनी मला बोलावून सांगितलं. त्या दिवशी ते म्हणाले, “बसा मॅडम.” आणि मी बसले.

मग शनिवार आला. मी साडी नेसून गेले होते. तास झाला, पुस्तक मिटलं, खुर्ची खाली घेतली. रात्रभर मनाशी घोकलेलं वाक्य माझ्याकडे तयार होतं.

“आज आधी मी खरं बोलणार आहे,” मी म्हणाले. “परवा मी तुम्हांला खोटं बोलायला लावलं. माझ्या पोटासाठी लावलं. वर्षभर जे शिकवलं त्यावर मी स्वतःच बोळा फिरवला. मला तुमच्या तोंडाकडे बघायची लाज वाटते. आता तुम्ही बोला. काय वाटलं ते बोला. शिव्या द्या, चालेल. कुणावर डूख नाही.”

मला खरंच त्या शिव्या हव्या होत्या. तहानेल्याला पाणी हवं असतं तशा हव्या होत्या.

कुणी पेनाचं टोपण उघडमीट करत होतं, कुणी खिडकीबाहेर बघत होतं. शेवटी तौफिक म्हणाला, “सगळं बेस हाय, मॅडम.”

“तौफिक, असं नाही. खरं बोल.”

“खरंच बेस हाय.” तो हसला. पहिल्या आठवड्यात हसायचा तसलं, साहेबापुढचं हसू.

मी गौतमीकडे वळले. ती परत पहिल्या बाकावर आली होती. “गौतमी, तू तरी बोल. तू मला बोलणार नाहीस तर कोण बोलणार?”

ती उठली. तिच्या नजरेत राग शोधत होते मी, निदान निराशा. पण तिच्या नजरेत माझ्याविषयी नुसती माया होती. आपल्या आईकडे, पाळीवरून दमून आलेल्या बाईकडे बघावं तशी.

“मॅडम, तुमची ऑर्डर निघणार का आता?”

“बहुतेक निघेल.”

“मग झालं की.” ती म्हणाली. “एवढं मनाला लावून घेऊ नका. आम्हांला काय वाईट वाटलं नाही. आमच्या आईनंबी असलं लई केलंय.” आणि मला धीर द्यावा म्हणून, अगदी मनापासून, ती पुढं म्हणाली, “तुम्ही एकट्या थोड्याच हाय? सगळीकडं असंच असतंय, मॅडम.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या मागं फळा होता. मी खडू उचलला नाही. तास संपायला अजून वेळ होता आणि कुणालाच काही बोलायचं नव्हतं.